स्वागत आहे, पण जरा लांबून

1 डिसेंबर 2021 पासून, कोरोनामुळे बंद असलेल्या गावाकडच्या पहिली ते चौथीच्या शाळा उघडायच्या असं ठरलं तेव्हा वरच्या लोकांनी सगळ्याचा विचार केला होता, मास्क, सॅनिटायझर, पालकांचं संमतीपत्र, दोन मुलांमधलं अंतर, सगळं. फक्त पावसाला कुणी विचारलं नव्हतं. तो आला. ऐन डिसेंबरात असा काही लागला की पोरं स्वेटरवर रेनकोट घालून हजर. त्यात एसटीचा संप, त्यामुळे माझी नेहमीची गाडी बंद, मग मी मिस्टरांच्या मागे स्कूटरवर, कुडकुडत, आणि मांडीवर कॅरीबॅगमध्ये गुलाबाची फुलं, कारण मेसेज होता की विद्यार्थ्यांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत करावं व फोटो ग्रुपवर टाकावेत. आमच्या खात्यातला कुठलाही मेसेज घ्या, शेवट हाच, फोटो ग्रुपवर टाकावेत.

शाळा आमची द्विशिक्षकी. हेडसरांकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी. आता ही दुसरी काय प्रकरण होतं ते जरा समजून घ्या. मार्च 2020 ला सगळं बंद झालं तेव्हा ही पोरं अंगणवाडीत होती. जूनमध्ये कागदावर पहिलीत आली, पुढच्या वर्षी परीक्षेबिरीक्षेशिवाय वर गेली, म्हणजे अख्खी पहिली त्यांनी वर्गाचा उंबरा न ओलांडता पास केली. पेपरात येत होतं की मुलं शाळेत परतली. अहो परतायला आधी कधी आली होती?

पण मला मात्र ती चांगली ओळखत होती. मोबाईलमधून. त्या काळात रोज सकाळी मी घरी व्हिडिओ करायची आणि ग्रुपवर टाकायची, पोरांचे वडील तो फोन घेऊन शेतावर नाहीतर एमआयडीसीत, ते संध्याकाळी घरी येणार, मग पोरगं व्हिडिओ बघणार, मग अभ्यास करणार, मग त्याचा फोटो मला रात्री साडेदहाला येणार, तोही असा की वहीपेक्षा गोधडीच जास्त दिसतेय. ऑनलाइन शिक्षण म्हणतात ते आमच्याकडे हे असं होतं, लाइव्ह क्लास वगैरे शहरातल्या लोकांचे लाड. सह्याद्रीवर टीव्हीचे तास असायचे ते ज्याच्या घरी टीव्ही आणि ज्याच्या घरी त्या वेळेला लाईट त्याला.

तर पहिल्या दिवशी मी दारात उभी, मास्क लावून, आणि दुसरीतली एक चिमुरडी माझ्याकडे खालून वर बघत राहिली, मग मागं वळून आईला म्हणाली, "ह्या बाई न्हाईत." आई बिचारी लाजली, "अगं ह्याच की मोबाईलवाल्या." मी मास्क जरा खाली केला, तिला खात्री पटली, पण समाधान काही झालं नाही. "मोबाईलमधी गोऱ्या दिसत्यात." आता हिला फिल्टर काय सांगू!

मग टेम्परेचर. ती गन घेऊन हेडसर उभे, एकेकाच्या कपाळाला लावतात आणि स्क्रीनवर येतंय 'लो'. दुसऱ्याला लावलं, लो. पावसात भिजून आलेली गार पोरं, गनचा तरी काय दोष. पण रजिस्टरला तापमानाचा रकाना आहे आणि तिथं आकडा पाहिजे, लो चालत नाही. सर म्हणाले, "मॅडम, जरा गरम करा ना यांना." मग मी एकेकाचं कपाळ टॉवेलनं खसाखसा चोळायचं आणि सरांनी लगेच गन टेकवायची असा कारखाना सुरू झाला. पोरांना वाटलं शाळेत शिरायची ही पद्धतच आहे. दुसऱ्या दिवशी ऊन होतं, सगळं व्यवस्थित होतं, तरी सगळी कपाळं पुढं करून रांगेत उभी.

फुलं एव्हाना कॅरीबॅगेत मान टाकून पडली होती. दिली एकेकाला. तेवढ्यात सरांच्या लक्षात आलं की फोटोत आपण नाही. मग फुलं परत गोळा. बाहेर जा, एकेक करून या, मॅडमकडे नाही कॅमेऱ्याकडे बघा, हां, आता घ्या. मग कळलं की त्या फोटोत सॅनिटायझरची बाटली दिसत नाहीये. परत फुलं गोळा. तिसऱ्या खेपेला पहिलीतलं एक पोरगं फूल काही सोडेना, मुठीत गच्च धरून बसलं आणि म्हणालं, "दिलं तर दिलं, सारखं काय मागताव?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्या फोटोत सगळ्यांच्या हातात फूल आहे, त्याच्या हातात नुसता देठ.

पण खरा वैताग म्हणजे अंतर. आमच्याकडे बाकं नाहीत, पट्ट्या अंथरून बसायचं, म्हणून सरांनी आदल्या दिवशी व्हरांड्यात फक्कीनं मस्त गोल आखून ठेवले होते, ते पावसाच्या झडीनं धुऊन गेले. मग मी वर्गात खडूनं काढले, मापं घेऊन वगैरे, आणि पोरांना सांगितलं की प्रत्येकानं एका गोलात बसायचं, उठायचं नाही, कुणी कुणाला शिवायचं नाही. एक क्षण शांतता. मग मागनं कुणीतरी ओरडलं, "डोंगराला आग लागली!" आणि बाकीच्यांनी "पळा पळा पळा" करत अख्खा वर्ग डोक्यावर घेतला. काय चुकलं त्यांचं? गोल काढलेत म्हणजे खेळच असणार ना.

आणि मला सांगा, हे अंतर ठेवायचं कुणी कुणापासून? ही सगळी एका वस्तीवरची. दीड वर्ष एकत्र विहिरीवर, एकत्र चिंचेखाली, एकमेकांच्या ताटात. त्यातली दोन तर सख्खी चुलत भावंडं, रात्री एका गोधडीत झोपतात, सकाळी एका सायकलवर येतात आणि वर्गात शिरलं की मी त्यांना सहा फुटांवर बसवायचं! एकाची आजी दुपारी डोकावली, नातवंडं अशी कोपऱ्याकोपऱ्यात बघून तिनं विचारलं, "काय चोरी केली का काय पोरांनी?"

सवयींचं तर बोलूच नका. तास म्हणजे काय, सुट्टी म्हणजे काय, विचारून बाहेर जायचं म्हणजे काय, काहीच माहीत नाही. एक जण मी फळ्यावर लिहीत असताना शांतपणे उठला, दप्तर घेतलं, चप्पल घातली. म्हणलं कुठं रे? "घरी." का? "बास झालं." हे इतकं सरळ उत्तर होतं की मला दोन सेकंद काही सुचेना. खिचडी असती तर थांबला असता, पण शाळेत शिजवायला तेव्हा बंदी, तांदूळ-कडधान्य घरपोच, मग शाळेत थांबायचं कशासाठी हा त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. व्हिडिओ कसा, कंटाळा आला की बंद. बाई बंद कशा करणार, म्हणून तोच निघाला.

आणि मग वाचन. माझी धास्ती ही की यांना काही येत नसणार. फळ्यावर काना लावून अक्षरं लिहिली, का, मा, रा, ला, आणि म्हणलं कोण वाचतं? अख्खी दुसरी एका सुरात, "का, मा, फुस्स्स्, रा, ला." मी म्हणलं काय? परत, "का, मा, फुस्स्स्, रा, ला." चेहऱ्यावर जराही चेष्टा नाही, अगदी पाठ केल्यासारखं, ते फुस्स्स् सुद्धा नीट लांबवून. मला घरी जाईपर्यंत उलगडा होईना. रात्री जुना व्हिडिओ काढून बघितला तर मा आणि रा च्या मध्ये आमच्या कुकरची शिट्टी. आणि मी त्यात हसतमुखानं थांबलेय, शिट्टी संपायची वाट बघत. पोरांनी वर्षभर तोच व्हिडिओ बघितलेला. दुसऱ्या दिवसापासून मी ते फुस्स्स् घालवायचा प्रयत्न सुरू केला, ते काही जाईना. म्हणलं निदान मा आणि रा वेगळे वेगळे लिहून बघू, तर रा च्या आधी फुस्स्स् येणारच.

जरा कुठं बस्तान बसतंय, गोल पुसट झालेत, बास झालंवाला चक्क सुट्टीपर्यंत बसायला लागलाय, तोवर जानेवारी 2022 उजाडला, ओमिक्रॉन वाढला आणि परत आदेश, शाळा बंद. पोरांना सांगितलं की उद्यापासून परत मोबाईलवर अभ्यास. ती 'न्हाईत' म्हणणारी चिमुरडी गंभीर होऊन म्हणाली, "म्हंजी कुकरवाली शाळा?"

हो बाई, कुकरवाली शाळा.

घरी येऊन मोबाईल स्टँडला लावला. मिस्टर म्हणाले, या वेळी शहाण्यासारखा गॅस बंद करून ठेवतो. म्हणलं अजिबात नको, डाळ लावा, शिट्टी झाली नाही तर पोरांना रा येणार नाही.