काचेचं व्हिजिटर सेंटर म्हणे 'ग्रीन'! काहून बाप्पा?

आमच्या भाऊजींची सिल्लारीच्या रस्त्यावर थोडी जागा आहे, नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जाणाऱ्या लोकांसाठी तिथं माहिती केंद्र न् कँटीन काढायचं चाललंय. तेवढ्यात 'जंगलातलं सस्टेनेबल व्हिजिटर सेंटर असं बांधा' हा फिरता मेसेज फॅमिली ग्रुपवर आला आणि भाऊजी काचवाल्याकडून कोटेशन मागवून मोकळे!

मेसेज म्हणतो, चारी बाजूंनी काच लावा, निसर्ग आत येतो. निसर्ग नाही भाऊ, ऊन आत येतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, काचेतून शिरलेल्या उन्हानं फरशी-खुर्च्या तापतात आणि ती गरमी आतच अडकते. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो, पण पश्चिमेचं चार-पाच वाजताचं ऊन इतकं तिरपं येतं की छज्जा असून नसल्यासारखाच. तिथं जाड दगडी भिंतच पाहिजे, बाहेरून जांभूळ नाहीतर आंब्याची सावली. साग नको, ऐन उन्हाळ्यात तो उघडाबोडका असतो. डबल काचेनं फरक पडतो, मान्य, पण भिंतीची बरोबरी नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे पक्षी! काचेत समोरची झाडं दिसतात, पाखरू त्यालाच झाड समजून सरळ येऊन आदळतं. लोक पक्षी पाहायला येणार आणि तुम्ही त्यांना काचेखाली मेलेले पक्षी दाखवणार का?

पुढे म्हणे, 'सोलर लावलं की एसी फुकट, २४ वर ठेवा'. अरे पण २४ पाहिजे कोणाला? भारतातल्याच ऑफिसांमध्ये लोकांना विचारून केलेल्या अभ्यासावरून २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, म्हणजे देशातल्या बांधकामाच्या निकषांच्या पुस्तकात, हिशेब दिलाय, खिडक्या उघड्या ठेवता येतात अशा इमारतीत, बाहेरचं काही दिवसांचं सरासरी तापमान ३५ असलं तर आत ३२ च्या आसपास लोकांना बरं वाटतं. हे तर दिवसभर खुर्चीत बसणारे, सफारीच्या जिप्सीतून धूळ खात आलेला माणूस सावली, पंखा न् माठातल्या पाण्यावर खूश असतो. कोरड्या उन्हाळ्यात आपला कूलर आहेच. आता जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कूलर कामाचा नाही, हे खरं आहे, म्हणून फिल्म दाखवायच्या एका हॉलला एसी लावा, त्यापुरतं सोलरही चांगलंच.

मेसेजमध्ये लॉनही लावायला सांगितलंय, त्याबद्दल काय बोलायचं! उन्हाळ्यात जंगलातले पाणवठे टँकरनं भरावे लागतात आणि हे गवताला पाणी पाजणार.

पण खरा धोक्याचा सल्ला शेवटी आहे, 'आधी जेसीबी लावून जागा सपाट करा, नाला पाइपात घाला'. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ते नागपूरकरानं तरी विसरू नये. पाण्याची वाट अडवली की ते तुमच्या हॉलमधून वाट काढतं. उतार आहे तर इमारत त्या उतारावर टप्प्याटप्प्यानं बसवा, पार्किंगला डांबर नको, मुरूम टाका. आणि लेआउट काढायच्या आधी एक पावसाळा नुसतं पाणी कुठून येतं, कुठं जातं ते पाहून त्या वाटेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून ठेवा, त्या खुंट्यांच्या आत काहीच बांधायचं नाही, कँटीनची टपरीसुद्धा नाही.