पूर्ण फिल्म, अर्धी फिल्म आणि ‘नाइन-एच’: कोथरूडच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ती ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गाभा आधी सांगतो. तुम्ही १४ लाखांची गाडी बुक केली आहे. रंग गडद निळा, ताबा पंधरा दिवसांत. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, पर्जन्यवृक्षाखाली उभी राहणार आणि आठवड्यातून एकदा एक्सप्रेसवेने पनवेलला जाऊन येणार. पूर्ण गाडीला फिल्म (रंग वाचवायला पत्र्यावर चिकटवायचा पारदर्शक प्लास्टिकचा थर, पीपीएफ) लावण्याचा दर तुम्हाला १ लाख १० हजार सांगितलाय, वर तीन थर सिरॅमिक कोटिंगचे (रंगावर चढवायचा काचेसारखा अतिपातळ थर) २५ हजार. ‘पूर्ण फिल्मची गरज बहुतेकांना नाही’ हे मागच्या लेखातलं माझं वाक्य तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं: अर्धी फिल्म, म्हणजे गाडीच्या काहीच भागांना, लावली की वर्षभरात तिची कड काळी पडते आणि गाडी दोनरंगी दिसते, कोटिंगला मी ‘महागडं मेण’ म्हटलं तो अन्याय आहे, कारण दुकानात कोटिंगवर लायटर पेटवून आणि दगड घासून दाखवतात, तरी ओरखडा उठत नाही, आणि शेजारच्या दुचाकीचं हँडल दाराला रोज घासतं, त्याचं काय करायचं ते मी लिहिलंच नाही.

कडेबद्दल आणि दाराबद्दल तुम्ही बरोबर आहात. ‘महागडं मेण’ हा शब्दही चुकलाच. मेण दोन-तीन महिन्यांत जातं, चांगलं कोटिंग दोन-तीन वर्षं टिकतं. पण लायटर आणि दगडाच्या प्रयोगावर विसंबून २५ हजार देऊ नका, एवढं कळकळीने सांगतो.

त्या प्रयोगापासून सुरुवात करू. कोटिंग किती कडक आहे हे सांगायला विकणारे जो ‘नाइन-एच’ आकडा देतात, तो पेन्सिलच्या चाचणीतला आहे. ६-बी पासून ९-एच पर्यंतच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून ठरावीक वजनाखाली पृष्ठभागावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. ९-एच ही त्या संचातली सगळ्यात कडक पेन्सिल, पण आत ग्रॅफाइट आणि मातीच. खनिजांची कठीणता मोजायची मोहस पट्टी वेगळी. आपल्याकडच्या रस्त्यावरची धूळ म्हणजे मुख्यतः काळ्या पाषाणाचा चुरा, आणि त्यातली खनिजं मोहसवर सहाच्या आसपास येतात. बाहेरच्या वाळूत क्वार्ट्‌झ असतं, ते सात. वाघोलीकडून खडी आणि क्रश सँड भरून येणारे डंपर जे मागे सोडून जातात ते हेच. त्या धुळीपुढे पेन्सिलचा दाखला उपयोगाचा नाही. लायटरचं म्हणाल तर दोन-चार सेकंदांच्या ज्योतीने कंपनीच्या साध्या क्लिअर कोटलाही (रंगावरचा पारदर्शक थर) बहुधा काही होत नाही. तोच प्रयोग त्याच पत्र्याच्या कोटिंग नसलेल्या अर्ध्या भागावर करून दाखवा म्हणावं.

आता जाडी बघा, म्हणजे कोण काय काम करू शकतं ते आपोआप कळेल. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५०. कोटिंग एक-दोन मायक्रॉन, पुष्कळदा त्याहूनही कमी. फिल्म १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड, आणि वर रबरासारखी लवचिक. खडा आला तर फिल्म दबते आणि धक्का पसरवते. एक मायक्रॉनचा काचेसारखा थर ते करूच शकत नाही, मग तीन थर द्या नाहीतर पाच. कोटिंगचं काम निराळं आहे: पाणी आणि घाण चिकटू न देणं, धुणं सोपं करणं, चमक राखणं. ते काम ते उत्तम करतं.

एक गोष्ट मात्र कोटिंग विकणारे सांगत नाहीत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. कोटिंग केलेल्या गाडीवर ते थेंबाथेंबाने उभं राहतं, एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर मिनिटांत सुकतं आणि प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचं पांढरं कडं उरतं. साध्या रंगावर पाणी पसरून सुकतं, त्यामुळे डाग फिका दिसतो. गडद निळ्यावर ही कडी तुम्हाला दहा फुटांवरून दिसतील. तेव्हा कोटिंग केलं तर धुतल्यावर लगेच टिपून घेणं आलंच. ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन, गाडी सावलीत थंड असताना, मिनिटभर ओला कपडा ठेवून निघतात. नंतर साध्या पाण्याने धुवायचं. महिनाभर बसलेले डाग पॉलिशशिवाय जात नाहीत, आणि पॉलिश म्हणजे कोटिंग गेलं.

मागच्या लेखात जे सगळ्यात ठळक लिहायला हवं होतं ते आता लिहितो. पुण्यात गाडीचा रंग खड्यांपेक्षा पुसण्याने जास्त खराब होतो. सकाळी सोसायटीत बघा: एक बादली, एक पिवळा कपडा, दहा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी राखाडी झालेलं असतं. कपडा पिळून बॉनेटवर गोल गोल फिरतो आणि रात्रभर साचलेली पाषाणाची पूड क्लिअर कोटवर घासली जाते. एका दिवसात काही दिसत नाही. सहा महिन्यांनी रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरा, प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. यावर कोटिंग थोडा काळ तग धरतं. फिल्मवर त्या रेघा उमटतात, पण उन्हाने किंवा कोमट पाण्याने बऱ्याचशा भरून येतात. तरी खरा उपाय फुकटातला आहे. पुसणाऱ्या दादांना महिन्याचे पैसे तेवढेच द्या आणि सांगा, फक्त काचा आणि चाकं करा, पत्र्याला हात लावू नका. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडूनच किंवा स्वतः नीट धुऊन घ्या: दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खंगाळायची, आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची, मग वरून खाली, सिल (दारांखालची पट्टी) आणि बंपरचा खालचा भाग शेवटी. सोसायटीत नळी लावू देत नसतील तर रिन्सलेस वॉशचं औषध (नंतर पाण्याने खंगाळावं न लागणारं) पाच-सहा लिटर पाण्यात घालून सात-आठ मायक्रोफायबर कपड्यांत पूर्ण गाडी होते. वापरलेली बाजू पुन्हा पत्र्याला लावायची नाही, एवढाच नियम. हे कपडे फॅब्रिक कंडिशनरमध्ये कधी घालू नका, पाणी शोषणं बंद होतं. आणि उघड्यावर बॉडी कव्हर नको. वाऱ्याने ते हलतं आणि खालची धूळ घासत राहतं.

आता कड. फिल्मची कड काळी पडते ती चिकट थराच्या उघड्या रेषेवर धूळ बसून. बॉनेट अर्धं झाकलं तर ती रेषा बॉनेटच्या मधोमध येते, आणि तुम्ही पाहिलेली दोनरंगी गाडी बहुधा अशीच असणार. त्यामुळे अर्धं बॉनेट कधीच नको. पूर्ण बॉनेट, पूर्ण बंपर, दोन्ही पूर्ण फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे), म्हणजे फिल्म जिथे संपते तिथे पॅनेलही संपतं. त्यातही दोन पद्धती आहेत. एकात फिल्म कडेच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबते. दुसऱ्यात ती कडेवरून आत वळवून हीट गनने बसवतात. दुसरी मागा. वळवलेली कड दिसत नाही आणि उचलली जाण्याची शक्यताही कमी, पण मेहनत जास्त, म्हणून घाईत टाळतात. लावताना पत्र्यावर ठेवून ब्लेडने कापणाऱ्यापेक्षा प्लॉटरवर (संगणकातल्या मापाने फिल्म कापणारं यंत्र) आधी कापून आणणारा बरा. ब्लेड क्लिअर कोटमध्ये गेलं तर ती रेघ फिल्म काढल्यावरच कळते. प्लॉटरचे साचे कडेला आखूड असतात, तेव्हा वळवायला वाढीव माप ठेवा असं आधीच बोलून घ्या.

तरीही फेंडर आणि दार यांच्या रंगात फरक दिसेल का? चांगल्या टीपीयू (लवचिक पॉलियुरेथेन प्लास्टिक) फिल्मने अनेक वर्षं नाही. पीव्हीसीची स्वस्त फिल्म पिवळी पडते आणि कडक होते, काढताना तुकडे तुकडे होते. टीपीयूमध्येही अॅलिफॅटिक प्रकार उन्हात टिकतो, अॅरोमॅटिक पिवळा पडतो. ‘टीपीएच’ नावाने जे विकतात ते मऊ केलेलं पीव्हीसीच असतं. पूर्ण गाडीचा दर ४०-४५ हजारांपर्यंत खाली आला की फिल्म नक्की कशाची आहे हे विचारायलाच हवं.

दाराचा मुद्दा. हँडलचं प्लास्टिकचं टोक किंवा आरसा हलका घासला तर फिल्म दाराला वाचवते. पण ब्रेक लिव्हरचं किंवा फुटरेस्टचं टोक दाबून गेलं तर फिल्म फाटते आणि पत्रा दबायचा तो दबतोच. ‘सेल्फ हीलिंग’ फक्त फिल्मच्या वरच्या पातळ थरातल्या रेघांसाठी आहे, कापलेली फिल्म जुळून येत नाही. तुमची पार्किंगची जागा ठरलेली आहे आणि दुचाकी रोज त्याच बाजूला लागते, तर त्या एका बाजूच्या दोन दारांना फिल्म लावा. दोन्ही बाजूंना लावायचं कारण नाही.

खर्चाबद्दल सरळ बोलतो. नुसत्या हिशेबाने फिल्म परवडत नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये एक पॅनेल रंगवायला साधारण ४ ते ६ हजार लागतात, म्हणजे १ लाख १० हजारांत गाडी जवळपास दोनदा रंगवून निघेल. झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा विमा सोय) नसेल तर विम्यात रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापतात, आणि एका पॅनेलसाठी क्लेम करून नो क्लेम बोनस घालवणं बहुधा तोट्याचंच. तरी फिल्म लावावीशी वाटते ती कंपनीचा रंग राखण्यासाठी. तो साधारण १४० अंशांना भाजलेला असतो. गाडी जोडून झाल्यावर प्लास्टिक आणि वायरिंग असल्यामुळे वर्कशॉपला ६०-७० अंशांवर थांबावं लागतं. शिवाय तुमच्या निळ्यात मेटॅलिक कण असले तर शेजारच्या पॅनेलशी छटा तंतोतंत जुळवणं कठीण. जुन्या गाडीचा जाणकार खरेदीदार जाडी मोजायचं यंत्र लावतो. पत्र्यावर २०० च्या पुढे आकडा आला की तो भाग पुन्हा रंगवलाय हे त्याला कळतं. कंपनीचा रंग इतका भाजलेला असल्यामुळेच ‘नवी गाडी महिनाभर थांबवून मग फिल्म लावा’ हा सल्लाही चुकीचा आहे. थांबायचं असतं ते नव्याने रंगवलेल्या पॅनेलसाठी.

मग तुमच्यासाठी माझं मत: बॉनेट, बंपर, फेंडर, आरशांच्या पाठी, हेडलाइट, दुचाकीच्या बाजूची दोन दारं, सर्व दारांच्या हँडलमागच्या वाट्या, दाराच्या कडा, सिल, डिकीच्या तोंडाची पट्टी, आणि मागच्या चाकाच्या कमानीचा पुढचा हातभर भाग, जिथे पुढचं टायर खडे फेकतं. बंपरमध्ये रडार असेल तर त्याच्या झाकणावर फिल्म नको, पार्किंग सेन्सरची भोकं मोकळी ठेवायची. उरलेल्या पत्र्याला एक थर कोटिंग. फिल्मच्या वर कोटिंगचे वेगळे पैसे देऊ नका. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरावर पाणी तसंही थांबत नाही. हे सगळं मिळून तुम्हाला सांगितलेल्या १ लाख ३५ हजारांच्या निम्म्याच्या आसपास बसायला हवं. एक्सप्रेसवे नसता तर मी बॉनेटलाही नको म्हटलं असतं.

झाडाखालच्या चिकट थेंबांवर आणि पक्ष्यांच्या विष्ठेवर फिल्म आणि कोटिंग दोन्ही हरतात, फक्त जरा उशिरा. उन्हात काही तासांत डाग आत जातो. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या, चोळू नका.

काम करताना तुम्ही स्वतः हजर राहा. आधी धुणं, लोखंडी कण काढायचं औषध (ते कणांवर जांभळं होतं), क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी), मग अल्कोहोलने पुसणं. नव्या गाडीला जाड कंपाउंड (रंग घासून काढणारं खरखरीत पॉलिश) नको. हलक्या पॉलिशचा शेवटचा हात, तोही रेघा असतील तिथेच. फिल्मच्या रोलचा सीरियल नंबर बघा, त्याचा फोटो घ्या आणि तोच बिलावर लिहून घ्या. फिल्मखाली पाण्याचे बारीक फुगे पहिले दोन-तीन आठवडे दिसतात, पावसाळ्यात जास्त, ते जातात. धुळीचा कण अडकला असेल तर तो जात नाही, तो त्याच दिवशी दाखवा. आठवडाभर धुऊ नका, दहाव्या दिवशी कडा तपासायला परत जा, आणि पुढे प्रेशर गन कडेपासून दीड-दोन फूट लांब ठेवा. कड उचलली जाते ती बहुतेकदा जवळून मारलेल्या पाण्याच्या झोतानेच.

आणि हे डीलरला आजच लिहून पाठवा: ‘गाडी देण्याआधी पॉलिश, टेफ्लॉन किंवा कोणतंही कोटिंग करू नये, कोरड्या कपड्याने पुसू नये, बॉडीवरची कंपनीची संरक्षक प्लास्टिकं माझ्यासमोर काढावीत.’ ताबा दिवसाउजेडी घ्या, आणि सही करण्याआधी टॉर्च तिरका धरून बॉनेट बघा.