‘सहा वर्षं झाली, तरी आई म्हणत नाही?’

मावशी, नमस्कार. प्रतिक्रियेत तुम्ही वय 71 लिहिलंत, म्हणून मावशी म्हणते.

आम्ही कोलंबियातून बहीण-भाऊ दत्तक घेतलेत. त्यातल्या धाकट्याच्या तेराव्या वाढदिवसाला तिथल्या त्याच्या आजीला व्हिडिओ कॉल लावला होता, त्यावर मी लेख लिहिला. त्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना आणून सहा वर्षं झाली तरी मोठी तुला आई म्हणत नाही, त्यांची नावं बदलली नाहीस, जुन्या नात्यांना खतपाणी घालतेस, “मग तू आई कसली, वसतिगृहाची रेक्टरच.” शिवाय, आपल्या देशात पोरकी मुलं कमी होती का? तीन दिवस हे डोक्यात घोळत होतं. रागात लिहायचं नव्हतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी आई म्हणण्याचं. मोठी मला “सुमर्से” म्हणते. कोलंबियाची राजधानी बोगोता आणि तिच्या उत्तरेकडच्या बोयाका भागातला हा शब्द. मुळात तो मानाचा, आपल्याकडच्या ‘सरकार’सारखा. पण वापरून वापरून इतका मऊ झालाय, की तिथली माणसं जिवाभावाच्या माणसाला तो लावतात. आमच्या मुलीनं तोवर तो फक्त आजीला लावला होता. पहिली दोन वर्षं ती मला काहीच म्हणत नसे. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहायची. एका सकाळी शाळेची बस चुकत होती, तेव्हा दारातून ओरडली, “सुमर्से, माझा डबा!” डबा दिला, बस गेली, आणि मी तिथंच पायरीवर बसून राहिले.

माझे वडील त्यांच्या सख्ख्या आईला ‘वहिनी’ म्हणत. घरात धाकटे काका होते, ते वहिनी म्हणायचे, तेच मुलांच्या तोंडी बसलं. ‘आई’ म्हणजे त्यांची आजी. तुमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत हे असंच होतं, तुम्हीही पाहिलं असेल. वडील शेवटपर्यंत वहिनीच म्हणाले. ती गेली तेव्हा जे रडले, ते आई गेल्याचंच रडणं होतं.

नावांबद्दल सांगते. कोलंबियाच्या 2006 च्या बालकायद्यात हे स्पष्ट लिहिलंय: दत्तक मुलाला नव्या पालकांचं आडनाव मिळतं, पण पाळण्यातलं नाव सहजासहजी बदलता येत नाही. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, त्याची स्वतःची संमती असेल किंवा न्यायाधीशाला कारण पटलं, तरच. आम्ही विचारलं, तेव्हा मोठी म्हणाली, आडनाव घेते, नाव माझंच राहू दे. अकरा वर्षं ज्या नावाला ‘ओ’ दिली ते काढून घ्यायचं, तर तिच्याजवळ दुसरं काय होतं? एक पाठपिशवी आणि एक भाऊ.

भावाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण आपलं कुठं बिनसतंय ते मला तिथंच दिसतं. 2019 मध्ये मुलं आली, तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. त्याला आंघोळ ती घालायची, ताटातलं किती खाल्लं ते ती बघायची, रात्री दोनदा उठून तो श्वास घेतोय ना ते पाहून यायची. मला त्याच्या अंगाला हात लावू देत नसे. नखं तर नाहीच. रविवारी दोघं बाथरूमच्या फरशीवर बसायची, ती त्याचं एकेक बोट धरून नखं काढायची, आणि मी दाराबाहेर घड्या घालायचे कपडे घेऊन बसायचे. पाच महिने असंच. कुणी म्हणालं असतं, ठणकावून सांग, आता आई मी आहे. पण ती चार वर्षं त्याची आई झालेली होती, तेही स्वतः लहान असताना. ते काम तिच्या हातून हिसकावणारी आणखी एक मोठी बाई मला व्हायचं नव्हतं. पाच महिन्यांनी एका रविवारी तिनं नेलकटर माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “अंगठ्याचं नख आत वळतं, जपून.” मग स्वतः बाहेर अंगणात खेळायला गेली. आमच्याकडे आल्यापासून ती पहिल्यांदाच एकटी खेळली.

गुळाचंही सांगायचंय. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. ओक ट्री रोडच्या किराणा दुकानात तिनं गुळाची ढेप हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाली, “पानेला.” तिथंही उसाचा रस आटवून ढेपा पाडतात. गरम पाण्यात तो विरघळवून वर चीजचे तुकडे टाकून पितात. घरी आल्यावर तिनं ते करून मला पहिला कप दिला. माझ्या सासूबाई उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायच्या. मराठी संस्कार कुठं गेले, असं तुम्ही विचारलंत. त्या कपापाशी मला ते आणि तिचे वेगळे करता आले नाहीत. तिला मराठी समजतं, बोलते मोडकंतोडकं. धाकटा मात्र आता माझ्या भावाशी फोनवर मराठीतच भांडतो.

आजीच्या फोनचं. मुलांच्या आईबद्दल मी इथं लिहिणार नाही, ती गोष्ट त्यांची आहे. आजीनं त्यांना जमेल तितकं सांभाळलं, कांद्याच्या पातीच्या शेतात राबून, आजारी पडेपर्यंत. त्याच कायद्यात दत्तक मुलाला आपलं मूळ जाणून घेण्याचा हक्क दिलाय. ते कधी आणि कसं सांगायचं हे पालकांनी ठरवायचं असतं. आम्ही ‘लवकर आणि खरं’ असं ठरवलं. पुण्या-मुंबईच्या अनाथाश्रमांतून सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनीला गेलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतली काही परत येऊन जुनी रजिस्टरं बघायला मागतात, आणि कित्येकांच्या हाती एखादी धूसर नोंद लागते, कधी तीही नाही. माझ्या मुलांना चाळिशीत बोयाकाच्या एखाद्या कचेरीत असं उभं राहायला लागू नये. आजी आज जिवंत आहे, फोनवर आहे, आणि धाकट्याला म्हणते, दात घास.

भारतातलं मूल का नाही? 2011 ते 2014 आम्ही यांच्या नोकरीमुळे बोगोतात राहिलो, स्पॅनिश तिथंच शिकलो. परदेशी पालकांकडे तिथं मुख्यतः मोठी मुलं, भावंडं किंवा आजारपण असलेली मुलं सोपवतात, आणि आम्हाला ती भाषा येत होती. निर्णयात याहून मोठं काही नव्हतं. भारतात दत्तक बाळासाठी तीस हजारांहून जास्त पालक रांगेत आहेत, पण बहुतेकांना तान्हं मूल हवं असतं. सात-आठ वर्षांची मुलं तिथंही मागं राहतात. तुमच्या ओळखीत कुणी मोठं मूल घ्यायला तयार असेल, तर त्यांना माझा इमेल द्या. मी तासन्‌तास बोलेन.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. “मुलांचं सगळं असं चव्हाट्यावर मांडतेस, त्यांना विचारलंस का?” हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. सुरुवातीच्या दोन लेखांत मी मुलांचे फोटो टाकले होते, तेव्हा विचारलं नव्हतं. ती माझी चूक. फोटो काल काढून टाकले, आणि उशीपाठी ब्रेड लपवण्यावरचा तो लेखही. आता मोठीला वाचून दाखवल्याशिवाय तिच्याबद्दल काही छापणार नाही.

हे उत्तर तिला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवलं. मी नखांचे चार महिने लिहिले होते. ती म्हणाली, “पाच.” दुरुस्त केलंय.