क्रायफ कोच म्हणून ओव्हररेटेड? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

एवढी अभ्यास करून लिहिलेली आणि एवढी तापलेली कमेंट क्वचित येते, म्हणून आधी थँक्यू. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. डच फुटबॉलपटू आणि नंतर कोच झालेल्या योहान क्रायफवरचा माझा लेख वाचून तुम्ही म्हणालात की मी भक्तीत वाहवत गेलोय. खेळाडू म्हणून तो ग्रेट, यात तुमचा वाद नाही, पण कोच म्हणून त्याचं जे नाव झालं ते पैशामुळे आणि नशिबामुळे झालं. ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबला तो एकदाही लीग जिंकून देऊ शकला नाही, बार्सिलोनाच्या चारपैकी तीन लीग शेवटच्या दिवशी दुसऱ्यांनी माती खाल्ली म्हणून मिळाल्या, आणि खरी परीक्षा आली तेव्हा, १९९४ च्या अथेन्सच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये, मिलानने ४-० धुतलं. वर तुमचं ते वाक्य, की चांगला गवई चांगला गुरू असतोच असं नाही, मॅराडोनाचं २०१० मध्ये काय झालं ते बघा.

तुम्ही दिलेले आकडे सगळे बरोबर आहेत. त्यातून तुम्ही जे काढलंय ते मात्र मला अजिबात पटत नाही, आणि ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

गवयाचा मुद्दा आधी घेऊ. असतोच असं नाही, मान्य. मॅराडोना अर्जेंटिनाचा कोच असताना जर्मनीने क्वार्टर फायनलला चार गोल घातले हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण तिकडे बेकेनबाउअर १९७४ ला कॅप्टन म्हणून आणि १९९० ला कोच म्हणून वर्ल्ड कप जिंकला, झिदानने सलग तीन चॅम्पियन्स लीग घेतल्या. अशी नावं दोन्ही बाजूंनी कितीही काढता येतील, त्यातून काही ठरत नाही. ठरतं ते यावरून की त्या खेळाडूचं टॅलेंट नक्की कशात होतं. मॅराडोना बॉल घेऊन जे करायचा ते त्याच्या पायात होतं, ते दुसऱ्याला समजावून सांगता येणारच नाही, कसं सांगणार? क्रायफकडे ड्रिबलिंग होतं, स्पीड होता, बॉल मागे ओढून गर्रकन वळायचा तो टर्नही होता ज्याच्यावर १९७४ ला स्वीडनचा बिचारा डिफेंडर घसरला, पण त्याची खरी कमाल होती जागा बघण्यात. कोण कुठे उभा आहे, कुठली जागा आत्ता रिकामी आहे आणि दोन सेकंदांनी कुठली होणार आहे. आणि बघितलेलं तो गप्प ठेवायचा नाही. त्या काळच्या मॅचेसच्या क्लिप्स बघा, हा माणूस बॉल जवळ नसताना सतत हात करत असतो, तू तिकडे जा, तू मागे ये, तू पसर. गवई म्हणायचं तर हा गाता गाता तबलजीला आणि पेटीवाल्याला सांगणारा गवई होता.

१९७४ ची ती म्युनिकची वर्ल्ड कप फायनल घ्या. सुरुवातीलाच डच टीम आपापसात पास करत बसली, फॉरवर्ड असलेला क्रायफ चक्क सगळ्यांच्या मागे येऊन मिडफिल्डच्या मध्यात बॉल घेतो, तिथून सरळ पळत सुटतो, बॉक्समध्ये त्याला पाडतात आणि नेस्केन्स पेनल्टी मारतो. तोपर्यंत एकाही जर्मन खेळाडूचा बॉलला पाय लागलेला नव्हता! मॅच पुढे २-१ ने हरले हो, ते माहितीये. पण स्ट्रायकरने स्ट्रायकरच्या जागेवर उभंच राहायचं नाही, मागे यायचं आणि डिफेंडरला प्रश्न पाडायचा की याच्या मागे जाऊ की इथेच थांबू, ही गोष्ट तो खेळाडू म्हणून स्वतः करत होता आणि वीस वर्षांनी कोच म्हणून तेच बार्सिलोनाच्या लाउड्रुपकडून करून घेत होता. म्हणून मी लेखात लिहिलं होतं की त्याची दोन करिअर नाहीतच, एकच आहे.

आणि एक किस्सा मूळ लेखात जागेअभावी गेला होता, तो इथे सांगतोच. नोव्हेंबर १९८० ची गोष्ट. क्रायफ अमेरिकेत खेळून परत आला होता, आयाक्सचा सल्लागार होता, कोच होता लिओ बीनहाकर. ट्वेंटेविरुद्ध घरच्या मैदानावर आयाक्स ३-१ ने मागे होतं आणि क्रायफ स्टँडमध्ये बसलेला. त्याला काही ते बघवेना. उठला, खाली आला आणि थेट बेंचवर बीनहाकरच्या शेजारी येऊन बसला आणि सूचना द्यायला लागला. आयाक्सने ती मॅच ५-३ ने जिंकली. बीनहाकरला काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही, कुठल्याही कोचचा तो अपमानच आहे आणि मी त्या वागण्याचं समर्थन करत नाही. पण बघा ना, हातात कोचिंगचा डिप्लोमा नाही, पद नाही, नुसतं वरून बघून त्याला कळलं की काय चुकतंय, आणि ते खाली येऊन सांगता आलं. याला तुम्ही नशीब म्हणणार का?

आयाक्सला कोच म्हणून लीग नाही जिंकली, बरोबर. १९८५ ते जानेवारी १९८८ पर्यंत तो तिथे होता आणि आइंडहोव्हनचा पीएसव्ही क्लब पुढे राहिला. पण पहिल्याच सीझनमध्ये त्या टीमने लीगमध्ये १२० गोल केले, एकट्या व्हॅन बास्टेनचे ३७. दोन वेळा डच कप घेतला, आणि १९८७ ला अथेन्समध्येच (हो, त्याच शहरात) कप विनर्स कप जिंकला, युरोपातली ट्रॉफी, आयाक्सला १९७३ नंतर पहिल्यांदा. ती १९७३ ची कुणी जिंकली होती? क्रायफ खेळाडू असलेल्या टीमने. आणि १७ वर्षांच्या बर्गकॅम्पला पहिल्या टीममध्ये आणणारा हाच. फक्त लीग टेबल बघितलं की हे सगळं गाळलं जातं.

आता पैशाचं. इथे मात्र मला तुमचा थोडा रागच आला. कूमान, लाउड्रुप, स्टोइचकोव्ह, रोमारियो हे सगळे विकत आणलेले, हे खरंय. पण बार्सिलोनाकडे पैसा काय १९८८ ला पहिल्यांदा आला? मॅराडोनाला त्यांनी १९८२ ला रेकॉर्ड पैसे देऊन आणलं होतं, दोन वर्षांत एकही लीग नाही. शूस्टर होता, लिनेकर होता. १९६० च्या लीगनंतर १९९० पर्यंत तीस वर्षांत या एवढ्या श्रीमंत क्लबने लीग जिंकली फक्त दोनदा, १९७४ ला आणि १९८५ ला, आणि त्यातली १९७४ ची क्रायफ खेळायला आला तेव्हाची. युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) तर कधीच नाही, १९६१ ची फायनल हरले, १९८६ ची सेव्हिया शहरात झालेली पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. म्हणजे पैसा होता, स्टार होते, भलंमोठं स्टेडियम होतं, आणि तरी काही होत नव्हतं. क्रायफ आला त्याच्या आधीच्या महिन्यात तर खेळाडूंनी एका हॉटेलात पत्रकार परिषद घेऊन प्रेसिडेंटचा राजीनामा मागितला होता, इतकी वाट लागलेली. त्याने आल्यावर जवळजवळ अख्खी टीमच बदलली, बास्क भागातले बाकेरो, बेगिरिस्तायन, सालिनास असे पोरं आणले, पहिल्या वर्षी कप विनर्स कप घेतला, दुसऱ्या वर्षी लीग गेली आणि लोक त्याला हाकला म्हणायला लागले, तेव्हा रेआल माद्रिदला हरवून कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, जिंकला म्हणून वाचला. आणि मग सलग चार लीग.

त्या चारमधल्या तीन नशिबाच्या म्हणता. १९९२ ला शेवटच्या दिवशी टेनेरिफे क्लबच्या मैदानावर माद्रिद २-० ने पुढे असताना ३-२ ने हरलं, १९९३ ला पुन्हा तिथेच हरलं, १९९४ ला टेबलमध्ये पुढे असलेल्या डेपोर्तिवोच्या जुकिचने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी घालवली. सगळं खरं, आणि जुकिचचा तो चेहरा बघून मला आजही वाईट वाटतं. पण तिन्ही वेळा शेवटच्या दिवशी सकाळी बार्सा फक्त एका पॉइंटने मागे होतं, आणि तिन्ही वेळा त्या दिवशी त्यांनी स्वतःची मॅच जिंकली. ती जिंकली नसती तर टेनेरिफेत काही का होईना, उपयोग शून्य. अडतीस मॅचेसमध्ये एका पॉइंटवर येऊन थांबणं हे नशिबाने होत नाही. आणि चौथी, म्हणजे खरं तर पहिली, १९९१ ची लीग तुम्ही अलगद बाजूला ठेवलीत. ती बार्साने दहा पॉइंटच्या फरकाने घेतली, तेही जिंकल्यावर दोनच पॉइंट मिळायचे त्या काळात, आणि त्याच सीझनमध्ये फेब्रुवारीत क्रायफची हार्टची बायपास झाली, टीम काही काळ त्याचा असिस्टंट रेशाकने सांभाळली. कोच हॉस्पिटलमध्ये असताना टीम त्याच पद्धतीने खेळत राहते, याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं?

आता तो काय वेगळं करत होता ते जरा बघू, कारण कमेंटमध्ये तुम्ही फक्त ट्रॉफ्या मोजल्यात, खेळावर एक ओळ नाही. तीन डिफेंडर ठेवायचे, त्यात मध्ये कूमान, जो मुळात पासर. त्याच्या पुढे एकटा गार्डिओला, हडकुळा पोरगा, ना स्पीड ना हेडर ना टॅकल, त्या काळात मिडफिल्डच्या मध्यभागी अशा पोराला कुणी उभंच केलं नसतं. क्रायफने त्याला डिसेंबर १९९० ला पहिली मॅच दिली आणि १९९२ च्या वेम्बलीच्या युरोपियन कप फायनलला तो २१ वर्षांचा होता. का खेळवला? कारण बॉल यायच्या आधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे त्या पोराला माहिती असायचं, म्हणजे तेच, जागा बघणं. विंगर टचलाइनला चिकटून उभे करायचे म्हणजे समोरच्यांना पसरावंच लागतं आणि मध्ये जागा होते. रोज प्रॅक्टिसला रोंडो, वर्तुळात उभं राहून पोरं पास करतात आणि मधले दोघं बॉल पकडायला पळतात. आणि हीच पद्धत खालच्या वयोगटाच्या टीमपर्यंत नेली, की पोरगा वर आला तर त्याला नव्याने काही शिकवावं लागू नये. २० मे १९९२, सॅम्पदोरियाविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये कूमानची ती फ्री किक, आणि क्लबचा पहिला युरोपियन कप. ती किक मारणारा तर डिफेंडर होता, हे विसरू नका.

अथेन्सवर येतो. तिथे मी तुमच्याशी भांडणार नाही, उलट तुमच्यापेक्षा जास्त कडक बोलेन. मिलानकडे बारेसी नाही, कोस्ताकुर्ता नाही, दोघेही मुख्य डिफेंडर सस्पेंड, आणि तरी चार गोल. चारच दिवस आधी लीग जिंकलेली टीम मैदानात आली तीच हवेत. तेव्हा तीनच परदेशी खेळवता यायचे, क्रायफने कूमान, स्टोइचकोव्ह आणि रोमारियो घेतले आणि लाउड्रुपला बाहेर बसवलं. माझ्या मते तो त्याच्या करिअरमधला सगळ्यात वाईट निर्णय, कारण त्या टीममध्ये क्रायफसारखं बघू शकणारा माणूस कोण होता तर लाउड्रुप. तो मग थेट माद्रिदला गेला. जानेवारी १९९४ ला बार्साने माद्रिदला ५-० ने हरवलं तेव्हा तो इकडे होता, बरोबर वर्षाने माद्रिदने बार्साला ५-० ने हरवलं तेव्हा तिकडे. गोलकीपर सुबिसारेतालाही अथेन्सनंतर लगेच निरोप दिला. पुढची दोन वर्षं, १९९४ चा स्पॅनिश सुपर कप सोडला तर, एकही ट्रॉफी नाही आणि मे १९९६ ला त्याला काढलं. हट्टी होता, माणसं तोडायचा, राइकार्ड तर १९८७ ला त्याच्याशी भांडून आयाक्स सोडून गेला होता. लिनेकरसारख्या गोल करणाऱ्या माणसाला विंगवर पाठवून वाया घालवलं, हेही मी लिहिलं होतं, तुम्ही तो परिच्छेद वाचला नसावा.

पण एका ९० मिनिटांवरून आठ वर्षं पुसायची? ४९ व्या वर्षी तो क्लब कोचिंगमधून बाहेर पडला आणि परत आला नाही, तरी बार्सात पुढे जे जिंकले ते बघा. भांडून गेलेला तोच राइकार्ड २००६ ला बार्साचा कोच म्हणून चॅम्पियन्स लीग जिंकला. तो हडकुळा गार्डिओला २००९ आणि २०११ ला जिंकला, आणि त्याने मिडफिल्डच्या मध्यभागी कुणाला उभं केलं तर बुस्केट्सला, तसाच संथ, तसाच आधी बघणारा. व्हॅन बास्टेनचं कोचिंग तेवढं जमलं नाही, त्यामुळे त्याच्या हाताखालचा प्रत्येक जण कोच झाला असा माझा दावा नाही.

माझी एकच विनंती. अथेन्सची मॅच तुम्ही पाठ केलेली दिसतेय, आता जानेवारी १९९४ ची ती माद्रिदविरुद्धची ५-० ची मॅच पूर्ण बघा, नुसते रोमारियोचे तीन गोल नाही. बॉल कुठे आहे ते सोडा, गार्डिओला बॉल मिळायच्या आधी मान कितीदा वळवतो आणि दोन्ही बाजूंचे विंगर किती लांब उभे आहेत ते बघा. बघून झालं की परत लिहा, तुम्ही लिहिलंत तर मी नक्की उत्तर देईन.