परत न दिसलेली लहर शोषली गेली, असे का म्हणता येत नाही

मेटामटेरियलच्या (म्हणजे बारीक धातूच्या नक्षीने घडवलेल्या कृत्रिम पदार्थाच्या) मायक्रोवेव्ह शोषकांवरील प्रकल्प-अहवालांत आणि शोधनिबंधांतही एक युक्तिवाद सर्रास आढळतो. नमुन्याच्या पाठीला तांब्याचा अखंड थर असल्याने लहर आरपार जात नाही; म्हणून एकातून परावर्तनाचा वाटा वजा केला की उरते ते शोषण; आणि नमुना ० व ९० अंशांत ठेवून काढलेले आलेख जुळले की शोषक ध्रुवीकरणावर (लहरीतील विद्युत क्षेत्राच्या दिशेवर) अवलंबून नाही हेही ठरले.

यातील पहिले विधान बरोबर आहे. १० गिगाहर्ट्झला लहर तांब्यात जेमतेम ०.६६ मायक्रॉन शिरते आणि थर सहसा ३५ मायक्रॉनचा असतो.

चूक दुसऱ्या विधानात आहे. हॉर्न अँटेनाने (कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाने) आडव्या ध्रुवीकरणाची लहर सोडली आणि नमुन्यावरील तिरप्या नक्षीने ती उभी करून परत पाठवली, तर तोच हॉर्न तिला स्वीकारत नाही. नेटवर्क अ‍ॅनालायझर या मोजयंत्रावर उणे २० डेसिबलची खोल दरी दिसते आणि ९९ टक्के शोषण झाल्याची नोंद होते. आता शेजारच्या ग्राहक हॉर्नला स्वतःच्या अक्षाभोवती ९० अंशांत फिरवा. त्याच वारंवारतेला उणे ०.५ डेसिबल दिसले, तर ८९ टक्के ऊर्जा उभ्या ध्रुवीकरणात परतली आहे आणि खरे शोषण फक्त १० टक्के आहे. या मोजणीसाठीही संदर्भ म्हणून तेवढ्याच आकाराचा तांब्याचा पत्रा, दोन्ही हॉर्न समांतर ठेवूनच मोजावा लागतो, कारण पत्रा ध्रुवीकरण फिरवत नाही. सिम्युलेशनमध्ये फ्लोके पोर्टचे (लहर सोडणाऱ्या व परत आलेली मोजणाऱ्या आभासी द्वाराचे) दोन्ही मोड, म्हणजे दोन्ही ध्रुवीकरणे, उपलब्ध असतात. एकाचाच आलेख काढला, की हीच चूक संगणकावर होते.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते तपासणीसारखे दिसते. ४५ अंशांत तिरप्या ठेवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांचा नमुना घ्या. एका विशिष्ट वारंवारतेला लहरीचा पट्टीच्या लांबीच्या दिशेतील घटक आणि पट्टीला काटकोनातील घटक यांच्या परावर्तनात १८० अंशांचा कलाफरक पडतो. आडवी लहर या दोन दिशांत समान विभागली जाते, एक भाग उलटतो आणि बेरीज उभी होते. उभ्या लहरीची त्याच रीतीने आडवी होते. म्हणजे ० आणि ९० अंशांचे आलेख तंतोतंत जुळणारच, शोषण शून्य असले तरी. नमुना ४५ अंशांत फिरवला, की सगळी लहर जशीच्या तशी परत येते. अंशाअंशाने फिरवण्याची सोय नसेल, तर निदान हे एक मोजमाप तरी टाळू नये.

रचनेला ९० अंशांची चौपट सममिती असेल (९० अंशांत फिरवली तरी ती तशीच दिसत असेल), तर सरळ आपातावर, म्हणजे लहर लंब पडताना, ध्रुवीकरण फिरत नाही, हे मान्य करायलाच हवे. तिरप्या आपातावर मात्र ही हमी राहत नाही.

२००८ साली लँडी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोषकाच्या मागे अखंड पत्रा नव्हता, म्हणून त्यांनी परावर्तन आणि पारगमन (आरपार गेलेला वाटा) दोन्ही मोजले. भाकीत ९६ टक्क्यांचे होते, ११.५ गिगाहर्ट्झला प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून थोडे अधिक आले आणि त्यांनी तेच सांगितले.

‘रडारला काही दिसत नाही, मग फरक काय?’ असेही विचारले जाते. एकाच ध्रुवीकरणाच्या रडारपुरते ते खरे आहे, पण त्याला शोषण म्हणता येत नाही. अशी शीट उपकरणाच्या धातूच्या डब्यात चिकटवली, तर फिरलेली लहर समोरच्या भिंतीवरून पुन्हा शीटवर येते आणि दुसऱ्या फेरीत मूळ ध्रुवीकरणात परतते.