बिल्ड हिरवं झालं म्हणजे चाललं का?

‘पायथॉन कुठेही चालतं’ हे कॉलेजच्या नोट्समध्ये लिहायला ठीक आहे. नमपाय, एलएक्सएमएल, क्रिप्टोग्राफी ही पायथॉनची लायब्ररी मंडळी आतून सी किंवा रस्ट या भाषांमध्ये लिहिलेली असतात आणि तो भाग प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्या मशीनच्या भाषेत उतरवावा लागतो. ‘पिप इन्स्टॉल’ या कमांडने लायब्ररी क्षणात बसते, कारण कुणीतरी आपल्या मशीनचं व्हील, म्हणजे तयार कंपाइल केलेलं पॅकेज, आधीच बांधून ठेवलेलं असतं. ते नसलं की जीसीसी या सी कंपायलरच्या एररनी स्क्रीन भरते आणि लोक तडक मेंटेनरच्या, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्याच्या, अंगावर जातात: ‘एआरएमचं व्हील कुठाय? एवढंसं तर काम!’ (एआरएम म्हणजे मोबाइल, रास्पबेरी पाय आणि काही सर्व्हरमधला, इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर.)

बांधणं, म्हणजे बिल्ड हिरवं (यशस्वी) करणं, एवढंसंच आहे, मान्य. सिबिल्डव्हील या व्हील बांधणाऱ्या टूलला दोन ओळी सांगितल्या की व्हील तयार. पण ते चालतं हे कोण सांगणार?

सी मधला साधा ‘कॅर’ (char, एका बाइटचा डेटा प्रकार) घ्या. त्यात ऋण आकडा मावतो की नाही, हे स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय. इंटेल-एएमडीवर मावतो, एआरएमच्या लिनक्सवर मावत नाही. त्यात उणे एक ठेवून पुढे ‘उणे एक आहे का?’ विचारलं, तर लॅपटॉप हो म्हणतो आणि रास्पबेरी पाय नाही म्हणतो, कारण तिथे आत २५५ बसलेले असतात. कंपाइल दोन्हीकडे बिनबोभाट होतं. वर ॲपलने आपल्या एम१ या एआरएम चिपवर कॅर इंटेलसारखाच ठेवला. म्हणजे मॅकवर ‘एआरएमवर टेस्ट केलं’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण एआरएमच्या लिनक्स सर्व्हरबद्दल त्याला काहीच कळलेलं नसतं. लाँग डबल या जास्त अचूक दशांश आकड्यांच्या प्रकाराची तऱ्हा आणखी वेगळी: लिनक्सवर इंटेलला ८० बिट, एआरएमला १२८, आणि ॲपलच्या एआरएमवर फक्त ६४.

एका प्रोसेसरवर दुसऱ्याची नक्कल करणारं क्यूईएमयू आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, पण इतकं संथ की लोक वैतागून टेस्टच बंद करतात. शिवाय इंटेलच्या मशीनवर एआरएमचं सोंग आणलं, तर थ्रेडमधले (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधले) मेमरीच्या क्रमाचे बग सहज लपून जातात, कारण इंटेल हा क्रम एआरएमपेक्षा काटेकोर पाळतो.

म्हणूनच फेब्रुवारी २०२१ मध्ये क्रिप्टोग्राफी लायब्ररीच्या ३.४ आवृत्तीला बिल्डसाठी रस्ट लागायला लागलं आणि अल्फा, एचपीपीए असल्या जुन्या मशीनवाल्यांनी गदारोळ केला, तेव्हा मी मेंटेनरांच्या बाजूने होतो, आजही आहे. त्या मशीनवर प्रोजेक्टने टेस्ट कधी चालवल्याच नव्हत्या. सी कंपायलर होता म्हणून बिल्ड व्हायचं, आणि त्यालाच लोक सपोर्ट समजून बसले. एन्क्रिप्शनच्या कोडला असा भरवसा? (अल्पाइन या छोट्या लिनक्सवर कंटेनर चालवणाऱ्यांचीही तेव्हा गैरसोय झाली, त्यांची तक्रार मात्र मला रास्त वाटते.)

जानेवारी २०२५ पासून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ओपन सोर्स प्रोजेक्टना टेस्ट चालवायला खरी एआरएम लिनक्स मशीन फुकट मिळतात. त्यामुळे तिथे आता टेस्ट टाळायला सबब उरली नाही. मेनफ्रेमचं व्हील मागणाऱ्या कंपन्यांनी मात्र मागणीसोबत मशीनही द्यावं, आणि टेस्ट तुटली की बघायला पगारी माणूसही.