टाकायचंय? आमच्याकडे टाका

साधं राहायचं ठरवलंत? उत्तम. त्यासाठी सगळ्यात आधी लहान घर असलेला एक नातेवाईक शोधा. लहानच हवा. थ्री बीएचकेवाला सरळ 'नको रे बाबा' म्हणून मोकळा होतो. वन बीएचकेवाला भिडेला मरतो.

आम्ही ते नातेवाईक. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझा मावसभाऊ घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो. दिवाळीच्या तोंडावर त्याला वैराग्य आलं. मोबाइलवर आलं, रात्री अकराच्या सुमारास. रविवारी सकाळी फोन, "दादा, खाली टेम्पो आलाय, दोन माणसं पाठव ना." दोन माणसं म्हणजे मी आणि पुन्हा मी.

टेम्पोत एक ट्रेडमिल, एक बीन बॅग, कपड्यांच्या चार गोण्या, वायर नसलेला ओव्हन आणि मावशीचं पितळी घंगाळ. "तुला उपयोग होईल रे," म्हणाला, आणि सेल्फी काढून गेला. संध्याकाळी स्टेटसला रिकामा हॉल. खाली एकच शब्द, 'हलकं'. ट्रेडमिलचा पट्टा तेव्हा माझ्या खांद्यावर उमटलेला होता.

तर आता क्रमाने सांगतो.

आधी भरपूर खरेदी करा. घर रिकामं दिसायला सामान लागतं. वेताच्या टोपल्या, एकाच मापाच्या चोवीस काचेच्या बरण्या, त्यांवर चिकटवायला चिठ्ठ्या. मिठाच्या बरणीवर 'मीठ' असं लिहा, नाहीतर माणूस गोंधळतो. इस्त्री केली तरी चुरगळलेले दिसणारे लिननचे कुर्ते घ्या, पाच, सगळे मातकट रंगाचे. श्रीखंडाचे डबे मात्र ताबडतोब बाहेर. शेजारी चिवडा द्यायचा झाला तर नव्या बरणीतून द्या, आणि बरणी परत येईपर्यंत झोपू नका.

कोपऱ्यात मोठ्या पानांचं एक झाड ठेवा. पाणी कामवाली घालेल.

कागदपत्रं फाडून टाका. जे फाडाल तेच सोमवारी खिडकीवरचा माणूस मागेल, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स.

आता महत्त्वाचं कलम, दान. टाकलं म्हणालात तर लोक नाक मुरडतात, दिलं म्हणालात की पुण्य. वस्तू तीच, गोणी तीच. म्हणून नेहमी द्यावं. बंद पडलेला मिक्सर द्यावा, चेन तुटलेली बॅग द्यावी, उजव्या पायाचा एकच बूट द्यावा. घेणारा गरीब आहे ना, मग त्याला डावा पाय कशाला हवा?

मीही दिलं, खोटं कशाला बोलू. बीन बॅगेमुळे बाल्कनीचं दार उघडेना, म्हणून आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना म्हटलं, घेऊन जा. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि हसल्या. "दादा, आमच्या खोलीत आम्ही पाचजण झोपतो. हिला कुठं निजवू?" एकविसाव्या मजल्यावरून निघालेली वस्तू तिसऱ्यावर आली होती, आता मी ती तळमजल्याच्याही खाली ढकलत होतो. लाज वाटली. पण रागही आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आपल्याकडे बोहारीण यायची. जुन्या कपड्यांवर भांडं द्यायची, पण त्याआधी प्रत्येक कपडा उजेडात धरून बघायची. विरलेला दिसला की तो तुमच्या अंगावर भिरकावायची. "ताई, हे काय घेऊ, चाळण हाय नुसती." पातेल्यासाठी तासभर घासाघीस व्हायची, आणि घरातल्या बाईला आपल्या साडीची नेमकी किंमत कळायची. दान घेणाऱ्याला कपडा उजेडात धरायची सोय नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हा आमच्या इमारतीतून कपडे गोळा झाले आणि ते निवडायला आम्ही चारजण बसलो होतो. एका पिशवीत पार्टीचा चमकीचा गाऊन होता. एकीत न धुतलेले मोजे. ज्यांच्या चुलीत चिखल शिरला होता त्यांच्यासाठी! त्या पिशव्यांवर नावं नव्हती म्हणून वाचलात.

आणि बोहारणीपर्यंत जायच्या आधी साडीचे किती जन्म व्हायचे. नेसून विरली की गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, पायपुसण्याचं शेवटी चूल पुसायचं फडकं. माझ्या आजीने साधेपणा हा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही. तिच्याकडे दोन नेसत्या साड्या होत्या आणि एक लग्नाकार्याची. तिने स्टेटस ठेवलं नाही.

संदर्भ द्यायचाच असेल तर या मंडळींना गाडगेबाबा फार आवडतात. भावाने परवा बाबांचा फोटो टाकला, अर्थात त्याच्या त्या रिकाम्या हॉलच्या शेजारी. अरे, त्या माणसाच्या एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, दोन पायांत दोन तऱ्हेचे जोडे, अंगावर चिंध्या, हातात खराटा. नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यातली एकही स्वतःची म्हटली नाही. १९५६ साली गेले ते प्रवासात, अमरावतीच्या वाटेवर. गावात शिरले की आधी ते लोकांनी केलेली घाण झाडायचे. दुसऱ्याची! तुम्ही स्वतःची घाण टेम्पोत भरून दुसऱ्याच्या दारात नेता, आणि कपाळाला बुक्का लावल्यासारखा चेहरा करता.

टाकलेली वस्तू जाते कुठे, हे कल्याण-डोंबिवलीकरांना विचारा. आधारवाडीचं डम्पिंग पेटायचं तेव्हा खिडक्या लावून बसलोय आम्ही. वस्तू कुठेही जात नाही. ती फक्त तुमच्या डोळ्यांसमोरून जाते.

असो. सल्ला द्यायला बसलो होतो.

शेवटचा सल्ला, दिलेल्या वस्तूवर नजर ठेवा. काल रात्री त्याचा फोन आला. मला वाटलं, ट्रेडमिलची चौकशी करेल. "दादा, ते घंगाळ आहे ना रे अजून? आमच्या डिझायनर म्हणतात, दारात पाणी भरून झेंडू सोडला की एकदम पारंपरिक लुक येतो."

ते घंगाळ मूळचं आजीचं. त्यातलं ऊन पाणी दिवाळीच्या पहाटे आम्ही दोघांनी अंगावर घेतलंय, कुडकुडत, कोण आधी यावरून भांडत. टेम्पोतून उतरलं तेव्हा हिरवं पडलं होतं. माझ्या बायकोने दोन दिवस चिंच आणि मीठ लावून ते घासलं. तेव्हा ते 'सामान' होतं. आता ते 'लुक' आहे.

तुम्हाला कमी वस्तू नकोच आहेत हो. तुम्हाला नव्या वस्तूंसाठी जागा हवी आहे. ट्रेडमिल घेताना कुणी मानेवर सुरी ठेवली होती? चार गोण्या कपडे काय आभाळातून पडले? घेताना हात आखडला असता तर टाकायची वेळच आली नसती. तेवढं जमत नाही, म्हणून हे सगळं थोतांड.

शनिवारी येतोस म्हणालास ना. ये. घंगाळ पुसून ठेवलंय. पण आधी ट्रेडमिल खाली न्यायची, मग घंगाळ. दोन माणसं तुझी तू आण.